मालदांडीच्या गावाला

आमच्या घरी भाकरी होते ती मालदांडी ज्वारीची. आई होती तोवर वर्षाला एक पोते मंगळवेढ्याहून, मामाकडून यायचे. त्या पोत्यावर काही लिहिलेले नसे. ती नुसती 'मामाकडची ज्वारी' असे. आई गेली, आणि पुढे आपण होऊन पोते मागायचा मला संकोच वाटू लागला. तेव्हापासून आम्ही चारचौघांसारखे वाण्याकडून ज्वारी आणतो. तेथे पोत्यात खोचलेल्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने 'मालदांडी' असे लिहिलेले असते. आम्ही ते वाचतो, दोन दाणे दाताखाली फोडून पाहतो आणि दहा किलो बांधायला सांगतो.

एके दिवशी माझ्या मुलीने विचारले, "बाबा, मालदांडी म्हणजे काय? गावाचं नाव आहे का?"

ती नववीत आहे. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांचे अर्थ सांगण्याबद्दल मला दरमहा पगार मिळतो. मी ताबडतोब 'माल' आणि 'दांडी' अशी फोड केली आणि दोन्हींची सांगड घालून एक व्युत्पत्ती ठोकून दिली. आमच्या धंद्यात व्युत्पत्तीची उणीव कधीच भासत नाही. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "म्हणजे तुम्हांला माहीत नाही."

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. "मास्तर, एकदा येऊन सही करून जा. पोरगं खोळंबलंय."

सहीचा मामला असा होता. आजोबांच्या मागे बारा एकर काळे रान राहिले. मावशीने आपला हिस्सा भावाला सोडून दिला होता. आईने दिला नव्हता. त्यामुळे सातबाऱ्यावर चार एकरांपुरते आता माझे नाव लागले आहे. मामेभावाला पाइपलाइन आणून साऱ्या रानात ऊस करायचा होता. बँकेला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्या होत्या. पुण्यात बसून चार एकरांचा मालक म्हणवून घ्यायची हौस मला नाही. सही करून दुसऱ्या दिवशी परतायचे, असे मी ठरवले.

आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे माझे एक मित्र आहेत. त्यांना चहाच्या वेळी मुलीचा प्रश्न सांगितला, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, मालदांडी मोहोळची. तुमच्या वाटेवरच आहे. तिथं कृषी संशोधन केंद्र आहे. उतरा आणि बघून या." त्यांनी तेथील एका ओळखीच्या संशोधकांना फोनही केला. अशा रीतीने माझ्या सहीच्या प्रवासाला अभ्यासदौऱ्याचे रूप आले.

जानेवारीचे दिवस होते. सकाळची गाडी दौंड सोडून पुढे गेली आणि भिगवणच्या आसपास उजनीचे पाणी दिसू लागले. हे पाणी पाहायला आणि त्यात उभे असलेले रोहित पक्षी पाहायला हल्ली लोक मुद्दाम येतात. मला मात्र पाण्याच्या कडेने पसरलेला ऊसच ऊस दिसत होता. १९८० साली उजनीचे धरण झाले आणि सोलापूर जिल्ह्याचा रंग बदलला. आईच्या लहानपणीच्या गोष्टींतला हा जिल्हा करड्या मातीचा आणि पिवळ्या कडब्याचा होता. कुर्डुवाडी आली. येथून बार्शी लाइट नावाची छोटी गाडी सुटत असे, हे आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरले आहे. माढ्याच्या पुढे ऊस विरळ होत गेला आणि अधूनमधून ज्वारीचे पट्टे दिसू लागले. पुरुषभर उंचीची ताटे, वर पांढरी भरगच्च कणसे, आणि त्यांवर तुटून पडणारे पाखरांचे थवे.

मोहोळला उतरलो. केंद्रावर मित्राचे संशोधक वाट पाहत होते. पस्तिशीचे, उन्हाने रापलेले, डोक्यावर टोपी. मी त्यांना तोच प्रश्न विचारला, मालदांडी हे नाव आले कोठून.

"नाव शेतकऱ्यांचं," ते म्हणाले. "आणि ज्वारीही त्यांचीच. या भागात मालदांडी नावाची गावठी ज्वारी पूर्वीपासून पेरत होते. आमच्या आधीच्या लोकांनी ती १९३०च्या दशकात इथं मोहोळला निवडली. तुम्ही खाता ती मालदांडी ३५-१."

"निवडली म्हणजे?"

ते मला एका वाफ्यापाशी घेऊन गेले आणि त्यांनी ते समजावून सांगितले. गावठी ज्वारीचे शेत आपल्याला लांबून एकसारखे दिसते. प्रत्यक्षात ते एखाद्या जुन्या वाड्यासारखे असते. एकाच आडनावाची माणसे, पण कोणी उंच, कोणी ठेंगू, कोणी उद्योगी, कोणी आळशी. एका ताटाचे कणीस भरघोस, शेजारच्याचे चिमलेले. संशोधक अशा शेतातून हिंडतो, मनात भरलेली कणसे खुणा करून वेगळी काढतो, आणि पुढच्या वर्षी एका कणसाचे दाणे एका ओळीत पेरतो. ज्वारीचे फूल बहुतांशी आपल्याच परागाने फळते, त्यामुळे आईबापाचे गुण ओळीत उतरतात. ज्या ओळी पाण्याअभावी माना टाकतील, किडीला बळी पडतील, त्या बाद. उरलेल्यांतून पुन्हा निवड. मग वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या मातीत पेरून परीक्षा. असे वर्षामागून वर्ष चालते. यात यंत्र नाही, रसायन नाही. नजर, नोंदवही आणि धीर एवढीच सामग्री.

"आणि यात पुन्हा अडचण अशी," ते पुढे म्हणाले, "की ही रब्बीची ज्वारी आहे."

शहरातल्या वाचकांसाठी हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. खरिपाची ज्वारी पावसाबरोबर वाढते. रब्बीची ज्वारी पेरतात तीच मुळी पावसाळा सरता सरता, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पुढचे चार महिने आभाळातून काही मिळेलच अशी खात्री नसते. पावसाळ्यात काळ्या मातीने जे पाणी पोटात धरून ठेवले असेल त्यावर पिकाने गुजराण करायची. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या उपयोगी पडेल असे दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी राहू शकते. ही ज्वारीची शिदोरी. ती पुरवून पुरवून खायची असते. मालदांडीची मुळे खोल जातात, पाने मेणचट असतात, आणि पाणी तुटू लागले की ती गुंडाळून घेऊन ती उन्हाला पाठ देते. ११८ ते १२५ दिवसांत तिचा संसार आटोपतो.

ही शिदोरी वाढवायची कशी, याचाच शोध शेजारी सोलापूरला चालला होता. १९३३ साली तेथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांचे सहकारी शेतात पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून जाते, आणि जाताना किती माती घेऊन जाते, हे मोजत बसले. या मोजमापांतून बांधबंदिस्ती, विरळ पेरणी आणि वेळच्या वेळी कोळपणी ही पद्धत उभी राहिली. कानिटकरांचे भारतातील कोरडवाहू शेतीवरचे इंग्रजी पुस्तक १९४४ साली निघाले. आजही येथे शेतकऱ्याला सांगतात की, पीक तीन आठवड्यांचे झाले की फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपावे. तिसऱ्या कोळपणीपर्यंत जमीन भेगाळू लागते, आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळपे माती उकरून भेगा बुजवते. 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे शेतकरी म्हणतात. शास्त्रज्ञांनी तराजू लावून पाहिले आणि शेतकऱ्याचे म्हणणे बरोबर ठरले.

वाफ्यांतून चालताना मला एक गोष्ट दिसली. नव्या वाणांच्या ओळी होत्या, प्रत्येकीपुढे पाटी होती. अधूनमधून मालदांडीची एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती.

"ही तुलनेसाठी," संशोधक म्हणाले. "रब्बीचं नवं वाण आणलं की ते मालदांडीच्या शेजारी उभं करायचं आणि विचारायचं, बाबा, तू हिच्याहून चांगला आहेस का?"

"आणि उत्तर काय मिळते?"

ते हसले. "पुष्कळ वर्षं नाही असंच मिळालं."

त्यांनी सांगितलेली हकिकत मला मोठी मनोरंजक वाटली. १९६४ साली भारतात ज्वारीचा पहिला संकरित वाण, सी. एस. एच. १, शेतकऱ्यांच्या हाती आला. खरिपात त्याने आणि त्याच्या पाठच्या भावंडांनी उत्पन्नात मोठीच उडी मारली. 'हायब्रीड' हा इंग्रजी शब्द आमच्या खेड्यांत त्यामुळेच रुळला. आता रब्बीतही असेच होईल, अशी सर्वांची अपेक्षा होती. पण रब्बीत संकरित वाण अडखळले. हिवाळ्याच्या थंड रात्रींत त्यांच्या कणसांत दाणे नीट भरेनात. खोडमाशी आणि ताटे आतून पोकळ करणारा खडखड्या रोग यांनी त्रास दिला. आणि जेथे धान्य जास्त आले तेथेही शेतकरी नाक मुरडून म्हणाला, भाकरी बरी होत नाही, आणि कडबा कोठे आहे?

कडबा! या एका शब्दाने मोठमोठे प्रयोग अडले. कागदावर पीक मोजताना धान्य मोजतात. शेतकरी धान्य आणि कडबा दोन्ही मोजतो, कारण त्याच्या दारात बैल आणि म्हैस असते. कित्येक वर्षी कडब्याचे पैसे धान्याच्या बरोबरीने होतात. शिवाय दाणा मोत्यासारखा पांढरा हवा, पीठ चिकट हवे, भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ राहायला हवी. या साऱ्या परीक्षा मालदांडी एका वेळी उत्तीर्ण होत होती. तेव्हा संशोधकांनीच आपल्या मोजपट्ट्या बदलल्या. आता कडब्याचे वजन होते आणि भाकरी करून ती चाखूनही पाहतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिले ते या नव्या मोजपट्टीने. ते मालदांडीहून अधिक पिकतात. तरीही नव्वदीच्या घरातली ही म्हातारी अजून शेतात उभी आहेच, आणि व्यापारी तर कोणत्याही चांगल्या ज्वारीवर तिचेच नाव लिहितात.

निघताना मी माझ्या सहीची गोष्ट काढली. संशोधक जरा गंभीर झाले. "ऊस वाईट नाही," ते म्हणाले. "पण जमीन खोल काळी आहे. पाणी जास्त झालं आणि निचरा नसला की क्षार वर येतात. नीरेच्या कालव्यावर हे शंभर वर्षांपूर्वी झालं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या हॅरोल्ड मॅन यांनी १९१० सालीच त्या खारावलेल्या जमिनींवर लिहून ठेवलंय. भावाला म्हणावं, ठिबक करा, चर काढा. नुसतं पाणी सोडू नका."

मोहोळहून कुरूल, कामती करीत वडाप जीपने निघालो. बेगमपूरला भीमा ओलांडली. अलीकडे-पलीकडे इतिहास विखुरलेला आहे. जवळच ब्रह्मपुरीला औरंगजेबाने १६९५ पासून चार वर्षे तळ ठोकला होता. पण मंगळवेढ्याचे नाव घेतले की मराठी माणसाला बादशहा आठवत नाही, दामाजीपंत आठवतात. दुष्काळात बेदरच्या सुलतानाची धान्याची कोठारे त्यांनी भुकेल्यांना लुटवली, आणि विठोबाने विठू महार होऊन दरबारात पैसे भरले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वर्गात ती मी भक्तिकथा म्हणून शिकवतो. गावाबाहेरचे शिवार पाहिले तेव्हा मला तिच्यातले धान्य दिसले. नजर पोहोचेल तेथवर झाड नाही, घर नाही, विहीर नाही. काळी सपाट जमीन आणि तिच्यावर एका पातळीत डोलणारी ज्वारी. कोठारे असायची तर ती येथेच. या ज्वारीला 'मंगळवेढ्याची ज्वारी' म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मामा बांधावर वाट पाहत होता. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पण पाठ सरळ. मामीने हुरडा भाजायला आगटी पेटवली होती. गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून, मामाने माझ्या ओंजळीत दाणे घातले. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. काही वेळ सहीचा विषय कोणीच काढला नाही.

शेवटी मामेभावानेच काढला. तो शिकलेला आहे, मुद्द्याचे बोलतो.

"दादा, तुम्हांला ज्वारी बघायला बरी वाटते. काढायची कुणी? ही उपटून काढावी लागते. पहाटे थंडीत उपटायला घ्यायची, ऊन चढलं की हात सोलतात. मग कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, पाचुंदे मोजायचे, कडब्याची गंज लावायची. माणूस मिळत नाही. मशीन आणलं तर कडबा हातचा जातो. उसाला कारखान्याची टोळी येते आणि तोडून नेते. पैसे खात्यात. यंदा ज्वारीला भाव आहे, कबूल. पुढच्या साली कोण हमी देतो?"

मी संशोधकांचे म्हणणे सांगितले, क्षारांचे, निचऱ्याचे.

"ठिबकच करणार आहे. कर्ज त्याच्याचसाठी आहे," तो म्हणाला.

माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते. महाराष्ट्रात ज्वारीखालचे क्षेत्र गेल्या चार दशकांत निम्म्याहून खाली आले, ते काही कोणी ज्वारीवर रागावला म्हणून नव्हे. अवर्षणाला पुरून उरणारे बियाणे सापडले. पहाटे उठून ते उपटणारे हात मात्र गावात उरले नाहीत. शास्त्राने नव्वद वर्षे शेतकऱ्याच्या मोजपट्टीने मोजायला शिकून घेतले, आणि इतक्यात शेतकऱ्याचीच मोजपट्टी बदलली. त्याला दोष देणारा मी कोण? मी तर ती ज्वारी वाण्याकडून आणतो.

मामा एवढा वेळ गप्प होता. निखारे सारीत तो म्हणाला, "तुझी आई हक्क सोडायला तयार हुती बरं का. कागद बी आणला हुता. मीच म्हणलं, न्हाई. ऱ्हाऊ दे तुझं नाव. त्यावर म्हणाली, मग वरसाला एक पोतं ज्वारी धाडत जा. मला बाकी काय नको. मिलो खाल्ला हुता आम्ही दोघांनी, बहात्तर साली. तांबडी भाकरी. तवापासनं तिला ह्या रानाच्या भाकरीची लई माया."

१९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा मिलो लोकांनी खाल्ला, हे मी पुस्तकांतून वाचले होते. आईने तो खाल्ला होता, हे मला माहीत नव्हते. तिच्या पोत्याचा अर्थही आज कळत होता. ज्या व्युत्पत्तीसाठी मी मोहोळला उतरलो ती मला बांधावर मिळाली, आणि ती कोशात घालण्यासारखी नव्हती.

रात्री झोप लागली नाही. सकाळी मी मामेभावाला म्हणालो, "आठ एकरांचे कागद कर. सही देतो. आईच्या चार एकरांत ज्वारीच राहू दे. काढणीची मजुरी माझ्याकडे. तुला दुप्पट लागली तर दुप्पट दे, पण माणसे आण. कडबा तुझा. मला एक पोते."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला कागद पुन्हा करावे लागणार होते, आणि बँकेत दोन खेपा वाढणार होत्या. यात मी मोठासा त्याग केला असे कोणी समजू नये. मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, म्हणून मला चार एकर ज्वारी परवडते. त्याला ती का परवडू नये, हा प्रश्न माझ्या सहीने सुटला नाही. तो मी त्याच्या बांधावरच ठेवून परत आलो.

परवा, हा लेख लिहीत असताना त्याचा फोन आला. हस्ताचा पाऊस बेताने झाला, ओल चांगली आहे, तुमचे रान पेरले, असे सांगत होता. मी सहज विचारले, "कोणती पेरलीस?"

"दोन एकर मालदांडी आणि शेजारी दोन एकर वसुधा. एकाच दिवशी, एकाच पाभरीनं. बघू या कोण पुढं जातं ते. आणि दादा, वही केलीय. कोळपणी, किडी, सगळं लिहिणार आहे."

मुलीला हे सांगितले. तिने विचारले, "काढणी कधी असते?"

"माघात."

"पहाटे उपटतात ना? मग आपण जाऊ या. मजुरी आपलीच आहे, तेवढी दोन माणसं कमी लागतील."

मी माझ्या तळहातांकडे पाहिले. खडूखेरीज दुसरे काही त्यांनी फारसे धरलेले नाही. पण मी हो म्हणालो आहे.